आईच्या ऑक्सिजन मशीनसाठी घेतलेलं एसपीडी: अडीच वर्षांनंतरचा अनुभव

आईच्या खोलीत ऑक्सिजनचं मशीन चोवीस तास चालू असतं. त्याच्या आवाजाची घराला इतकी सवय झाली आहे की तो थांबला तरच आम्हाला जाग येते. अडीच वर्षांपूर्वी एका रात्री वादळात तो थांबला. वीज घरावर पडली नव्हती. मागून जाणाऱ्या लाइनीवर किंवा तिच्या अगदी जवळ कुठेतरी पडली असावी, कारण लखलखाट आणि कडकडाट यांत क्षणाचंही अंतर नव्हतं. बोर्डातून ‘चट्’ असा आवाज आला आणि जळका वास सुटला. मशीनचं सर्किट गेलं, फ्रीजचं कार्ड गेलं, टीव्ही आणि राउटरही गेले. आईची रात्र सिलिंडरवर निघाली. मी आणि दादा आळीपाळीने त्याच्या काट्याकडे बघत बसलो होतो. वहिनी सारखी खिडकीशी जाऊन पहाट झाली का ते बघत होती.

त्यानंतर मी जे उपकरण घेतलं, त्याबद्दल हे लिहिते आहे. वायरमन त्याला एसपीडी म्हणतात, आपण सर्ज प्रोटेक्टर म्हणतो. मेन बोर्डात एमसीबीच्या शेजारी, त्याच पट्टीवर बसणारं, दोन एमसीबींच्या रुंदीचं. कंपनीचं नाव देत नाही, कारण या प्रकारची चांगल्या कंपन्यांची उपकरणं बरीचशी सारखीच असतात आणि मला सांगायचं आहे ते कुठल्याही कंपनीच्या एसपीडीला लागू पडतं.

त्या रात्री घरात कसलंच संरक्षण नव्हतं असं नाही. फ्रीजला स्टॅबिलायझर होता. टीव्हीला ‘प्रोटेक्टेड’ असा हिरवा दिवा असलेला स्पाइक गार्ड होता. सगळ्या खोल्यांना वेगवेगळे एमसीबी होते. तरीही काही वाचलं नाही आणि ते का वाचलं नाही, हे मला नंतर समजलं. लाइनीतून येणारा विजेचा झटका काही मायक्रोसेकंदांत शिखर गाठतो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत संपतोही. एमसीबी उडायला काही मिलिसेकंद तरी लागतात. स्टॅबिलायझरमधला रिले, म्हणजे आपोआप पलटणारा स्विच, हलायलाही तेवढाच वेळ लागतो. म्हणजे ही दोन्ही साधनं जागी होईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. एमसीबी वायरला जास्त करंटपासून वाचवतो, स्टॅबिलायझर सावकाश होणाऱ्या चढउतारांपासून. त्यांचं काम ते चोख करतात, पण विजेचा झटका हे त्यांचं काम नाही. स्पाइक गार्ड उघडून पाहिला तर आतली झटका झेलणारी चकती फुटून काळी पडली होती. ती बहुधा आधीच्याच एखाद्या वादळात गेली असेल. हिरवा दिवा मात्र लागतच होता, कारण तो फक्त लाइट आहे एवढंच सांगत होता. ज्या दिव्यावर मी दोन वर्षं विश्वास ठेवला, त्याचा त्या चकतीशी काही संबंधच नव्हता. याचा मला अजूनही राग येतो.

एसपीडीच्या आतही तशीच चकती असते, पण बरीच मोठी. झिंक ऑक्साइडची पूड थोड्या बिस्मथ ऑक्साइडबरोबर भाजून ती बनवतात. तिच्यात लाखो बारीक कण एकमेकांना चिकटलेले असतात. दोन कणांमधली प्रत्येक सीमा साधारण 3 व्होल्टपर्यंत करंट अडवून धरते आणि त्यावर गेलं की मोकळी होते. अशा सीमांच्या रांगा एकामागे एक असल्यामुळे चकती जितकी जाड, तितक्या जास्त व्होल्टेजला ती मोकळी होते. नेहमीच्या 230 व्होल्टला ती जवळजवळ बंद भिंत असते. हजारो व्होल्ट आले की 25 नॅनोसेकंदांच्या आत रस्ता होते आणि करंट अर्थकडे वळवते. झटका ओसरला की पुन्हा भिंत. मोठ्या लाइनींच्या खांबांवर पोर्सेलिनच्या चकत्या-चकत्यांचे जे लाइटनिंग अरेस्टर दिसतात, त्यांतल्या आधुनिक अरेस्टरांच्या पोटात याच पदार्थाच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. हे कळल्यापासून येता-जाता त्या खांबांकडे माझं लक्ष जातं.

माझ्या उपकरणावर छापलेले आकडे असे: टाइप 2 (घरच्या मेन बोर्डात बसणारा प्रकार), यूसी (कायम सहन होणारं व्होल्टेज) 275 व्होल्ट, आयएन 20 किलोअँपिअर, आयमॅक्स 40 किलोअँपिअर, यूपी 1.5 किलोव्होल्ट. दुकानात सगळे आयमॅक्स दाखवतात, कारण तो आकडा मोठा दिसतो. पण तेवढा झटका उपकरणाने एकदा सोसावा एवढीच अपेक्षा असते. आयएन जास्त कामाचा, कारण चाचणीत त्या ताकदीचे 15 झटके उपकरणाला पचवावे लागतात. आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो यूपी, म्हणजे उपकरणाने झटका अडवल्यावरही पुढे घरात किती व्होल्टेज शिरतं तो आकडा. घरातली साधी उपकरणं 2.5 किलोव्होल्टपर्यंतचा क्षणिक झटका सहन करतील अशी बनवलेली असतात. म्हणजे 1.5 आणि 2.5 यांच्या मधली जी जागा आहे, तिच्यातच आपला सगळा बचाव आहे. ही जागा किती अरुंद आहे, ते मला उपकरण बसवल्यावर कळलं.

पहिल्या वायरमनने ते बोर्डात तळाशी, रिकामी जागा दिसली तिथे बसवलं. मेन स्विचपासून लांब, आरसीसीबीच्या, म्हणजे करंटची गळती झाली की लाइन तोडणाऱ्या स्विचच्या, पुढे. फेज आणि न्यूट्रलच्या वायरी वरून फिरवून आणल्या, उरलेल्या वायरीची सुबक गुंडाळी करून कोपऱ्यात ठेवली, अर्थची वायर दुसऱ्या टोकाला नेली. काम दिसायला नीटनेटकं होतं. उपकरणावरची स्थिती दाखवणारी छोटी खिडकी हिरवी दिसली, बोर्डाचं झाकण लावलं, मी निश्चिंत झाले. उपकरणाबरोबर आलेल्या कागदावर वायरी आखूड ठेवा असं लिहिलेलं होतं, पण नखाएवढ्या अक्षरात आणि त्याचं कारण न देता. कंपन्यांनी ही एक सूचना ठळक अक्षरात, डब्याच्या वरच छापायला हवी. माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

कारण साधं आहे. करंट सावकाश बदलत असेल तेव्हा मीटरभर वायर म्हणजे काहीच नाही. पण विजेच्या झटक्यात करंट इतक्या झपाट्याने चढतो की सरळ वायरसुद्धा त्याला विरोध करते. या विरोधाचं माप म्हणजे इंडक्टन्स. मीटरभर वायरचं ते साधारण 1 मायक्रोहेन्री असतं. एका मायक्रोसेकंदात 1 किलोअँपिअर या वेगाने करंट चढला, तर त्या एका मीटरवरच 1 किलोव्होल्ट उभं राहतं. माझ्या बोर्डात येण्याजाण्याची मिळून दीड मीटरच्या वर वायर होती, शिवाय ती गुंडाळी. 10 किलोअँपिअरचा झटका 8 मायक्रोसेकंदांत चढला असं धरून मी वहीत हिशेब मांडला. वायरीवरच जवळपास 1.9 किलोव्होल्ट, त्यात उपकरणाचे 1.5. बेरीज 3.4. आईच्या मशीनची मर्यादा 2.5. मी ती वही तशीच उघडी ठेवून बराच वेळ बसले होते. सगळं बसवून झालं होतं, खिडकी हिरवी होती, आणि आई अजूनही उघड्यावरच होती.

दुसरे वायरमन वयाने मोठे होते, बरीच वर्षं मोठ्या लाइनींवर काम केलेले. त्यांनी झाकण काढलं, बघितलं आणि एवढंच म्हणाले, “ताई, हे नुसतं ठेवलंय, बसवलेलं नाही.” त्यांनी उपकरण मेन स्विचला लागून, आरसीसीबीच्या अलीकडे घेतलं, म्हणजे झटका आरसीसीबीतून जाणार नाही. मग त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. फेज आणि न्यूट्रलला फाटा काढून एसपीडीकडे नेण्याऐवजी, मेन स्विचमधून येणारी वायर थेट एसपीडीच्या स्क्रूवर आणली आणि त्याच स्क्रूवरून पुढे घराकडे नेली. इंग्रजी व्ही अक्षरासारखी. त्यामुळे त्या दोन वायरींची लांबी हिशेबातून जवळजवळ गेलीच. उरली ती फक्त अर्थची वायर, 6 स्क्वेअर एमएमची, तीही त्यांनी एसपीडीच्या खालीच नवी अर्थपट्टी बसवून 30 सेंटीमीटरवर आणली. नियमांची पुस्तकं एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवायला सांगतात. त्याआधी त्यांनी मेन स्विचमधून जाणारा करंट त्या स्क्रूंना झेपेल ना, तेही कागदावर बघून घेतलं. कुणी ही जोडणी करणार असेल तर ते बघायलाच हवं.

अर्थिंगही त्यांनी मीटर लावून मोजलं. 38 ओहम आलं. खड्ड्यातल्या रॉडवरचा क्लॅम्प गंजून हिरवा-तपकिरी झाला होता. तो बदलून, शेजारी दुसरा रॉड ठोकून 6 ओहमवर आलं. मी खूश झाले. तेव्हा त्यांनी मला विचारलं, “दहा हजार अँपिअर गुणिले सहा ओहम किती?” साठ हजार व्होल्ट. म्हणजे मोठा झटका जमिनीत उतरताना अर्थिंग स्वतःच हजारो व्होल्टने वर चढतं. ते चढू नये असं करणं कुणाच्याच हातात नाही. हातात एवढंच असतं की घरातली प्रत्येक वायर, प्रत्येक धातूची पाइप, आणि बाहेरून येणारी प्रत्येक लाइन एकाच पट्टीला बांधलेली असावी. म्हणजे चढायचं तेव्हा सगळं घर एकत्र चढेल आणि एकत्र उतरेल. दोन वस्तूंमध्ये फरक पडला नाही, तर मधलं उपकरण जळत नाही. तारेवर बसलेल्या पक्ष्याला काही होत नाही, तसं. ही गोष्ट मला शाळेतही कुणी इतकी सोपी करून सांगितली नव्हती.

आणि तरीही आम्ही ती अर्धीच केली. वेळ नव्हता म्हणून बाहेरून येणाऱ्या डिशची केबल आणि इंटरनेटची तांब्याची वायर तशीच राहिली. पुढच्या वादळात मेनकडून काहीच बिघडलं नाही. आईचं मशीन एका लयीत चालू राहिलं. पण राउटरचा वायर लावायचा पोर्ट गेला आणि डिशच्या डब्याचा टीव्हीकडे जाणारा पोर्टही गेला. लाइटच्या बाजूने घर एका पातळीवर आणि डिशच्या बाजूने दुसऱ्या पातळीवर, आणि मध्ये टीव्ही. हा दोष एसपीडीचा नाही. दार भक्कम करून खिडकी उघडी ठेवली होती आम्ही. नंतर डिशच्या केबलला घरात शिरते तिथेच अर्थिंगचा ब्लॉक लावून त्याच पट्टीला जोडलं. इंटरनेट फायबरवर घेतलं. काचेच्या तंतूतून करंट येत नाही, पण फायबरच्या बाहेरच्या वायरीत आधारासाठी स्टीलची तार असते. ती घराबाहेरच्या हुकाला संपवून आत फक्त फायबर आणायचं, हे लावायला आलेल्या मुलाला मला सांगावं लागलं. पहिल्यांदा तो ती तार राउटरपर्यंत घेऊन आला होता.

आईची खोली बोर्डापासून लांब आहे, वायरीने 14 मीटर. 10 मीटरच्या पुढे गेलं की बोर्डाजवळ दाबलेलं व्होल्टेज वायरीत उसळी मारून पुन्हा वाढू शकतं, वाईट परिस्थितीत दुपटीपर्यंत. म्हणून तिच्या सॉकेटजवळ टाइप 3 चं छोटं उपकरण वेगळं लावलं. ते एकटं लावून काही उपयोग नाही. बोर्डातल्या मोठ्या भावाने मोठा भाग गिळल्यावर उरलेला घास त्याने घ्यायचा असतो.

आता उपकरणावरच्या खिडकीबद्दल. हिरवी असली की कार्ट्रिज, म्हणजे चकती असलेला ओढून काढता येणारा भाग, ठीक. लाल झाली की गेलं. आतली चकती प्रत्येक झटक्याने थोडी थोडी थकते, तिच्यातून गळती वाढते, ती तापते, आणि शेवटी एक डाग दिलेला, म्हणजे सोल्डर केलेला, सांधा वितळून ती लाइनपासून सुटते. म्हणजे आग लागण्याआधीच बाजूला होते. ही रचना मला मनापासून चांगली वाटते. अडचण एवढीच की कार्ट्रिज सुटल्यावर घरातलं सगळं पूर्ववत चालू राहतं, आणि खिडकी बंद बोर्डाच्या आत असते.

माझं कार्ट्रिज लाल झालं, पण विजेमुळे नाही. खांबावर न्यूट्रल सैल झाला होता. एका संध्याकाळी बल्ब जास्तच उजळले, मीटरवर 330 व्होल्ट दिसले, मी धावत जाऊन मेन बंद केला. लाइन दुरुस्त झाली, आम्ही विसरलो. अकरा दिवसांनी सहज बोर्ड उघडला तर खिडकी लाल. यूसी 275 म्हणजे 275 व्होल्टपर्यंतच ते कायम सहन करणार. 330 व्होल्ट मिनिटभर मिळाले तेवढ्यात चकती तापून सुटली. त्या अकरा दिवसांत दोनदा गडगडाट झाला होता. तो आठवला की अजून पोटात गोळा येतो.

इथे दोन गोष्टी नीट लक्षात घ्याव्यात. एक, एसपीडी हे मायक्रोसेकंदांच्या झटक्यासाठी आहे. न्यूट्रल तुटून मिनिटं-तास चालणाऱ्या जास्त व्होल्टेजपासून ते वाचवत नाही, उलट स्वतः बळी जातं. त्यासाठी व्होल्टेज बघून लाइन तोडणारा वेगळा रिले लागतो, तो आम्ही आता लावला आहे. दुसरं, व्होल्टेज नेहमीच वरखाली होत असेल तर यूसी 320 चं कार्ट्रिज घ्यावं. ते जास्त टिकतं, पण त्याचा यूपीही थोडा चढतो. मी 320 घेतलं. वायरी आखूड असल्यामुळे तेवढी सूट परवडते. लांब वायरी असत्या तर परवडली नसती.

नवं घेताना मी बाहेर सिग्नल देणारा प्रकार घेतला. त्याच्या खाली तीन बारीक स्क्रू असतात. कार्ट्रिज सुटलं की आतला छोटा स्विच पलटतो. तिथून बारीक वायर नेऊन दादाने आईच्या खोलीबाहेर बॅटरीवरची घंटी लावली. कार्ट्रिज हाताने ओढून काढलं तरी ती वाजते, म्हणून महिन्यातून एकदा आम्ही मेन बंद करून, आईला थोडा वेळ सिलिंडरवर घेऊन, कार्ट्रिज काढून घंटी वाजते का बघतो. ज्या घरात कुणाचा श्वास मशीनवर आहे, तिथे हाच प्रकार घ्यावा. साधा प्रकार स्वस्त पडला तरी घेऊ नये. यावर माझं मत ठाम आहे.

आणखी काही, जे घेण्याआधी मला कुणी सांगायला हवं होतं. छतावर वीजरोधक सळई असेल तर टाइप 2 पुरत नाही. तिथे थेट विजेचा वाटा लाइनीत शिरतो आणि त्यासाठी मेनजवळ टाइप 1 लागतं. त्याच शिखराचा झटका असला तरी थेट विजेच्या चाचणीत वाहणारा विद्युतभार विसेक पट असतो, कारण तो झटका फार लांबतो. छतावर सोलर असेल तर पॅनेलच्या डीसी वायरींना डीसीचं वेगळं एसपीडी हवं, एसीचं चालत नाही. स्पाइक गार्डवर ज्यूलचे, म्हणजे किती ऊर्जा झेलेल याचे, मोठे आकडे लिहितात, त्यांवरून निवड करू नये, यूपी बघावा. आणि माझ्या प्रकारात न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये चकतीऐवजी गॅस भरलेली नळी आहे, जी एरवी पूर्ण बंद असते. त्यामुळे अर्थकडे कायमची गळती होत नाही. ज्या घराचं अर्थिंग स्वतःच्या रॉडवर आहे, त्यांनी ही रचना बघून घ्यावी.

उपकरणाला मी पाचपैकी चार तारे देते. एक तारा त्या नखाएवढ्या अक्षरांसाठी कापला. दुसऱ्या वायरमनच्या कामाला पाचपैकी पाच.

वादळ येताना दिसलं की मी अजूनही टीव्ही आणि राउटरचे प्लग काढते, ते डोक्यावर येण्याच्या आधी. एकदा कडकडाट सुरू झाला की प्लगला हात लावत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ देते. आईचं मशीन मात्र आता काढावं लागत नाही. सिलिंडर भरून पलंगाशेजारी ठेवलेलं असतं. गेल्या वादळात दोन वेळा अगदी जवळ कडाडलं, मी उठून दारात उभी राहिले, आई झोपेतच होती आणि मशीनचा आवाज चालू होता. सकाळी खिडकी बघितली, हिरवी होती. गेटवरच्या बेलची वायर अंगणातून 20 मीटर येते, ती तेवढी अजून पट्टीला बांधायची राहिली आहे. वायरमन रविवारी येणार आहेत.